येथे धोंडा टाकू नये

पिठाच्या गिरणीचा झिजलेला दगड. मधोमध भोक. चौघांनी उचलला, पाचव्याने सल्ला दिला.

माझी मुलगी पाण्याखाली पन्नास मिनिटं राहू शकते. तिचा बाप पाण्याबाहेर पाच मिनिटं गप्प राहू शकत नाही.

ऑइलपेंट, शेंदरी, दोन डबे.

‘बांधकाम असंल तर नकाशा लागतो. वाहन असंल तर नोंदणी. तुमचं नेमकं काय हाय, सर?’

गेल्या फेब्रुवारीत एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मुलाला मी नववीत विज्ञानात नापास केलं होतं.

कार्तिक पौर्णिमेला जुन्या खरबडीत चोवीस पणत्या लागत.

देवाला दावं कसं बांधावं?

*

वरच्या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो लावायला मला सहा महिने लागले. तुमचं काम थोडक्यात होईल.

मी संतराम. हट्ट्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता नव्या खरबडीत राहतो. नवी म्हणायचं, कारण जुनी खरबडी धरणात आहे. धरण भरलं त्या वर्षी सरकारने माणसं हलवली, गुरं हलवली, महादेवाची पिंड वाजतगाजत वर आणली. देवळापुढची दीपमाळ तेवढी राहिली. दोन पुरुष उंचीचा दगडी खांब, त्याला पणत्या ठेवायला चोवीस दगडी हात. तो उपटायचा कसा हे कोणाला सुचलं नाही. माझी आई, पार्वतीबाई, तेव्हा नवी सून होती. तिचं म्हणणं आजही तेच आहे, ‘देव हलवला. जागा कशी हलवावी?’

आईला जास्त बोलायची सवय नाही. हा गुण पुढच्या पिढीत उतरला नाही.

कोमल माझी मुलगी. इंजिनिअर झाली आणि मालवणला जाऊन लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप परत आणू लागली. आमचे शेजारी सटवाजीराव, निवृत्त तलाठी, रोज सकाळी दूध घेताना विचारतात, ‘पोरगी अजून पाण्यातच हाय का?’ जणू ती विहिरीत पडली आहे आणि मी दोर शोधायचं टाळतो आहे.

तर दिवाळी झाल्यावर, धरणाचं पाणी निवळल्यावर, कोमल एका मैत्रिणीला आणि दोन मोठ्या बॅगांमधून हवेच्या टाक्या घेऊन आली. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, असा त्यांचा नियम आहे. जमिनीवर तिने तो लग्नाच्या बाबतीत पाळला नाही याची मी आठवण करून देणार होतो. पण सुनिताने, म्हणजे माझ्या पत्नीने, माझ्याकडे पाहिलं.

त्यांना जुन्या खरबडीवर नेलं प्रेमदासने. प्रेमदास तांड्यावरचा. त्याचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. याची जमीन धरणाच्या पलीकडे गेली म्हणून याला होडी घ्यावी लागली, आणि होडी आहे म्हणून तो मासेही धरतो. बुडालेल्या देवळाभोवती मासे जमतात हे त्याला बराबर माहीत. त्याच्यासारख्या आणखी नऊ होड्या तिथे रोज दोराला बांधलेला धोंडा तळाला सोडून थांबतात.

संध्याकाळी आमच्या बैठकीत टीव्हीवर कोमलने पाण्याखाली घेतलेलं चित्रण लागलं. आईला सगळ्यांत पुढे खुर्ची दिली. हिरवं पाणी, त्यात दिव्याचा झोत. ‘ही वेस,’ आई म्हणाली. ‘ही पाटलाची पायरी.’ साठ वर्षांत गाळाने काय काय झाकलं होतं, पण तिला गाळ दिसतच नव्हता. मग दीपमाळ आली. कोमलने खालपासून वर सगळे हात दाखवले. चोवीसपैकी तेरा मोडलेले. काहींचं तोंड अगदी ताजं, पांढरं.

‘थांबव,’ आई म्हणाली.

खालून तिसरा हात. त्या साली लग्न होऊन आलेल्या सुनांनी तिसऱ्या हातावरची पणती लावायची, अशी जुन्या खरबडीची रीत होती. आईने एकदाच लावली. पुढच्या कार्तिकात गाव पाण्यात होतं. म्हणजे त्या हातावर पणती लावणारी शेवटची सून ती. हात शाबूत होता, पण त्याला नायलॉनच्या दोराचा वेढा पडला होता आणि दोराच्या टोकाला एक धोंडा लोंबत होता.

‘दावं कुणाचं?’ आईने विचारलं.

प्रेमदास दाराजवळ चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. ‘माझं हाय, माय. गेल्या साली अडकलं व्हतं. लई ओढलं. तुटलं. मला वाटलं खाली झाड हाय.’

प्रेमदासने तो चहा पुरा केला नाही.

मग कोमलने समजावून सांगितलं. मालवणलाही हेच. पर्यटकांच्या होड्या येतात, लंगर टाकतात, तो लंगर तळाच्या प्रवाळावर पडतो. शंभर वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका दुपारी मोडतं. आणि लंगर पडताना जेवढं मोडतो, त्याहून जास्त ओढताना मोडतो. त्यावर उपाय बोया. एक जड वजन बाजूला, मोकळ्या जागी, कायमचं तळाशी ठेवायचं. त्याला दोर. दोराच्या वरच्या टोकाला तरंगता बोया. होडी आली की बोयाला बांधायची. लंगर टाकायची वेळच येत नाही.

‘मग बांधा की,’ आई म्हणाली.

कोमलला दोन दिवसांत परत जायचं होतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. एकतीस वर्षं वर्गात ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, तो माणूस अशा वेळी वाहवत जातो. मी म्हणालो, ‘मी करतो.’

*

प्रति, मा. साहेब. विषय : धरणाच्या पाण्यात एक तरंगती वस्तू बांधून ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

धरणाच्या कार्यालयात हरिचंद नावाचे कारकून आहेत. माणूस गोड. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, मला चहा मागवला आणि रजिस्टर उघडलं.

‘ही वस्तू चालती का?’

‘नाही. एका जागी राहते.’

‘मग बांधकाम.’

‘पण ती तरंगते.’

‘मग वाहन.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘सर, बांधकाम असंल तर नकाशा लागतो. वाहन असंल तर नोंदणी. तुमचं नेमकं काय हाय?’

मी त्यांना प्लवनाचा नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. शेवटी त्यांनी अर्जावर ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी’ असं लिहिलं, आणि अर्ज वरिष्ठांकडे गेला. तो कुठे आहे हे पुढे पाच महिने मी दर सोमवारी विचारत होतो आणि दर सोमवारी मला चहा मिळत होता. त्या कार्यालयाविषयी माझी तक्रार नाही. चहा उत्तम असतो.

परवानगी येईपर्यंत तयारी करून ठेवावी, असं सटवाजीराव म्हणाले. तलाठ्याचा अनुभव. ‘आधी वस्तू, मग कागद. कागद वस्तूला शोधत येतो.’ वजनासाठी त्यांनीच गिरणीचा जुना दगड सुचवला. शिरड शहापूरच्या एका गिरणीमागे तो पडून होता. मधोमध भोक असल्याने दोर ओवायला जणू मुद्दाम घडवलेला. बोयासाठी दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घेतला. झाकण डांबराने बंद केलं. कोमलने फोनवर सांगितलं होतं, बोया पांढरा असतो आणि मध्ये निळा पट्टा. आमचा शेंदरी ठरला. त्याला शास्त्रीय आधार आहे : हिरवट पाण्यावर शेंदरी रंग सर्वांत लांबून दिसतो. हे मी सुनिताला सांगितलं, सटवाजीरावांना सांगितलं, रंगाच्या दुकानदारालाही सांगितलं. दुकानदार म्हणाला, ‘मारुतीला का?’ मी म्हणालो, ‘नाही, ड्रमला.’ त्याने जास्त चौकशी केली नाही.

जानेवारीत दगड सोडला. दीपमाळेपासून चाळीस पावलं दूर, कोमलने खूण करून ठेवलेल्या जागी. दोन होड्या जोडून मध्ये फळ्या टाकल्या, फळ्यांवर दगड, दगडावर सटवाजीराव. ते उतरायला तयार नव्हते, कारण दगड त्यांनी सुचवला होता. शेवटी ‘आता दगड जाणार’ असं प्रेमदासने सांगितल्यावर ते उठले. दगड गेला. पाठोपाठ सटवाजीरावांची चप्पल गेली. ड्रम डोलत उभा राहिला. दहा होड्यांवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या क्षणी आपण देशासाठी काहीतरी केलं असं वाटलं. तो क्षण साधारण पंधरा दिवस टिकला.

कारण कालव्याला पाणी सुटलं. धरण उतरू लागलं, दोर मात्र तेवढाच राहिला. सैल पडलेला दोर वाऱ्याने फिरत फिरत दीपमाळेकडे सरकू लागला. म्हणजे जिच्या रक्षणासाठी बोया, तिच्याच गळ्याला फास. शास्त्राच्या पुस्तकात धरण वर्षभर एकाच पातळीला असतं.

प्रेमदासने दोर हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि एक गाठ मारली. लादणीच्या बैलावर गोणी बांधायची गाठ. बैल चालता चालता बारीक होतो, त्याचं पोट उतरतं, म्हणून गोणी दर मुक्कामाला आवळावी लागते. ‘ओढली तर पक्की. उलटी झटकली की सुटती. आजानं शिकवली. आता बैल न्हाई, धरण हाय. त्याचंबी पोट उतरून राहिलंय,’ तो म्हणाला. तेव्हापासून दर आठवड्याला तो जाऊन धरण आवळून येतो.

आता फक्त लोकांनी होड्या बांधायच्या होत्या. त्या त्यांनी बांधल्या नाहीत. साठ वर्षं माणूस धोंडा टाकून थांबतो, त्याचा हात आपोआप धोंड्याकडे जातो. मी ‘बोयाची आवश्यकता : पाच मुद्दे’ असं पत्रक छापलं आणि होडीहोडीला वाटलं. पहिला मुद्दा प्रवाळाचा होता. आमच्या धरणात प्रवाळ नाही, हे मला छापून झाल्यावर लक्षात आलं. सटवाजीरावांनी पाटी लावायला सांगितली. ‘येथे धोंडा टाकू नये’ अशी लोखंडी पाटी मी ड्रमवर बसवली. ड्रम एका बाजूला कलला आणि पाटी पाण्याखाली गेली. माशांनी वाचली असावी. कारण त्या महिन्यात धोंडे पडले ते माणसांचेच.

*

इथून पुढचं मी सुनिताला सांगायला लावणार होतो. ती म्हणाली, ‘तुमचं तुम्ही सांगा.’

प्लास्टिकवर ऑइलपेंट धरत नाही. हे रसायनशास्त्र आहे आणि ते मी शिकवलेलं आहे. फेब्रुवारीच्या उन्हात रंग सुटला, आणि सुटला तोही कसा, तर पापुद्रे पापुद्रे न होता अख्खी खोळ, सापाच्या कातीसारखी, एका बाजूने उलगडत पाण्यावर पसरली. ती पहिल्यांदा पाहिली तांड्यावरच्या जनकाबाईंनी, पलीकडच्या शेतातून येताना.

आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. शेंदराच्या देवावर वर्षानुवर्षं शेंदूर चढतो, त्याचं कवच होतं आणि एक दिवस ते आपोआप गळून पडतं. देव कात टाकतो. कवच गळलं की गाव गोळा होतं, कवच वाजतगाजत नदीला पोचवतात, देवाला नवा शेंदूर लावतात. आणि इथे बुडालेल्या देवळापाशी, पाण्यावर, शेंदरी काहीतरी उभं होतं आणि त्याने कवच सोडलं होतं. तेही सोडलं थेट पाण्यातच. पोचवायची तकलीफसुद्धा कोणाला दिली नाही.

मी दुपारी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ड्रमला नवा शेंदूर लागलेला होता. तेलातला, खरा. हार होता. माझी पाटी काढून सरळ करून कोणीतरी तिला हळदीकुंकू वाहिलं होतं.

‘अहो, तो ड्रम आहे,’ मी म्हणालो. ‘मी आणला.’

‘व्हय सर,’ जनकाबाई म्हणाल्या. ‘तुमच्याच हातून यायचा व्हता.’ आणि ज्यांच्या मुलाला मी नापास केलं होतं, त्या माझ्या पाया पडल्या.

एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, कारणाशिवाय कार्य नसतं. इथे कारण मी होतो. मी किनाऱ्यावर उभं राहून रंगाचं आसंजन आणि प्लास्टिकचा पृष्ठभाग यावर दहा मिनिटं बोललो. लोकांनी हात जोडून ऐकलं. मागून एकाने विचारलं, ‘सर, नारळ कुठं फोडायचा?’ प्रसादाचे शेंगदाणे माझ्याच पत्रकांत बांधलेले होते. मला मिळालेल्या पुडीवर मुद्दा क्रमांक तीन होता.

माझी लाज हा किरकोळ मुद्दा झाला. खरं संकट पुढे होतं. रविवारी पूर्वी तिथे दहा होड्या थांबायच्या, आता तीस थांबू लागल्या. आसपासच्या गावांतून भाड्याने होड्या आल्या. आणि ड्रमला एकही होडी बांधली जाईना.

‘काहून बांधत न्हाई रे?’ मी प्रेमदासला त्याच्याच भाषेत विचारलं.

‘सर, देवाला दावं कसं बांधावं? ते काय ढोर हाय?’

तेव्हा सगळे अदबीने देवापासून चाळीस पावलं दूर थांबत आणि तिथे धोंडा टाकत. चाळीस पावलं दूर काय होतं ते मी वर सांगितलेलं आहे.

तीस होड्या, तीस धोंडे, बरोबर दीपमाळेवर. मार्चच्या तिसऱ्या रविवारी एका होडीचा धोंडा अडकला आणि चार माणसं मिळून ओढू लागली. प्रेमदासने पाण्यात उडी मारून दोर कापला. होडीवाले त्याच्यावर ओरडले. तो ओला तसाच आमच्या घरी आला आणि ओट्यावर बसला.

‘दीपमाळेचा हात वाचला का न्हाई, ठावं न्हाई, माय,’ तो आईला म्हणाला. ‘खाली काय दिसंना.’

मी म्हणालो की ड्रम काढून टाकतो. उद्याच काढतो, चूक माझी आहे. सटवाजीराव म्हणाले, देव काढला तर गाव तुम्हाला काढंल. सुनिता म्हणाली, कोमलला फोन करा. आई शेंगा निवडत होती. ती निवडत निवडतच म्हणाली, ‘वडाला दोरा का बांधतेत?’

‘नवसाचा,’ सुनिता म्हणाली.

‘मंग देवाला दावं न्हाई. नवसाला गाठ.’ आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. ‘ह्या देवाला होडी बांधून नवस बोलायचा. प्रेमदासच्या आजाच्या गाठीनं. धोंडा टाकला की नवस बुडला. जुन्या खरबडीची म्हातारी सांगून राहिली म्हणावं.’

‘आई, ही अंधश्रद्धा आहे,’ मी म्हणालो.

‘मंग तुझी पाटी लाव परत,’ आई म्हणाली.

प्रेमदास तेव्हाच उठला होता. त्याने सगळीकडे सांगितलं आणि रविवारी स्वतः ड्रमपाशी उभा राहून एकेकाला गाठ शिकवली. पहिल्या होडीची गाठ सुटून ती वाहत गेली, तेव्हा ‘नवस खोटा असंल’ असं ठरलं आणि त्या माणसाने घरी जाऊन सासऱ्याशी समेट केला. त्यानंतर कोणाची गाठ सुटली नाही. ड्रमला एका वेळी सहा होड्या, त्यांच्या मागे आणखी, माळेसारख्या. मासे धरणारेही बांधू लागले. नवस नसला तरी कशाला धोका घ्या. पाच मुद्द्यांनी जे दोन महिन्यांत झालं नाही, ते शेंगा निवडता निवडता झालं. धोंडे होड्यांमधून किनाऱ्यावर आले, आणि आता तिथल्या चहाच्या टपरीला बसायला त्यांचाच उपयोग होतो.

एप्रिलमध्ये हरिचंदांचा फोन आला. कागद आला होता. मी गेलो. चहा आला. कागद असा : ‘सदर ठिकाणी असलेली तरंगती वस्तू ही पूर्वापार असल्याचे स्थानिक चौकशीत आढळून आल्याने परवानगीची आवश्यकता नाही.’

‘पूर्वापार?’ मी म्हणालो. ‘जानेवारीत बसवली.’

‘सर,’ हरिचंद हलकेच म्हणाले, ‘मी सोता नारळ देऊन आलो. पोराची परीक्षा हाय. कशाला उकरता?’

मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

*

एप्रिलच्या अखेरीला कोमल परत आली. आईला होडीत बसवून नेलं. कोमलने तिला फुगीर जाकीट घातलं, तेही शेंदरी. किनाऱ्यावरच्या दोन बायांनी आईलाच हात जोडले. आईने ‘बरं, बरं’ म्हटलं.

प्रेमदासने होडी ड्रमला बांधली. कोमल आणि तिची मैत्रीण मागे झुकून पाण्यात गेल्या. बुडबुडे वर येत राहिले. प्रेमदास त्यांच्याकडे एकटक पाहत होता. मी आईला पाण्याची पारदर्शकता कशी मोजतात ते सांगू लागलो. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती मला लहानपणी अशीच गप्प करायची.

वीस मिनिटांनी कोमलचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी काढली.

‘अकराच्या अकरा शाबूत,’ ती म्हणाली. ‘तिसरा जागेवर आहे, आजी. सुतळीएवढा ओरखडा आहे, बाकी काही नाही.’

प्रेमदासने तोंड धुवायच्या निमित्ताने पाण्यात हात घातले आणि बराच वेळ तोंड धुतलं.

आईने कनवटीची पानाची चंची काढली, एक पान स्वतः खाल्लं, एक प्रेमदासला दिलं. मग ड्रमकडे पाहून पदर नीट केला.

‘जागेला कुणीतरी पाहिजेच व्हतं,’ ती म्हणाली. ‘गाठ बघ रे, सैल दिसून राहिली.’

*

ड्रम आणला तेव्हा तो निळा होता, आणि निळाच ठेवायचं मी ठरवलं होतं. ‘शेंदरी लाव,’ असं आई म्हणाली होती.